मुले वयात येतात. घरे केव्हा येणार?

दिवाळी अंक हा घरातल्या सगळ्यांच्या हाती जाणारा जिन्नस. चकलीचा तुकडा मोडीत आजोबा तो चाळतात, दुपारी जरा आडवे पडून आई कथा वाचते, आणि कॉलेजात जाणारी कन्या व्यंगचित्रे पाहून झाली की हळूच राशिभविष्याचे पान काढते. अशा अंकात कुमारवयातील शरीरसंबंध आणि संततिनियमन हा विषय घेतलेला पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील, हे आम्ही गृहीतच धरले आहे. “अहो, सणासुदीला हे काय?” असेही कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, हा अंक सगळे घर वाचते, म्हणूनच हा विषय या अंकात हवा. वर्षभर या सदरातून आपण मुलांचे अभ्यास, सुनांचे रुसवे आणि निवृत्तांचे हिशेब यांविषयी बोलत असतो. ज्या एका प्रश्नावर घरोघर अळीमिळी गुपचिळी असते, त्याच्याविषयी एकदा सगळ्यांच्या देखत बोलून घेऊ.

पहिली हरकत ठरलेली असते: “हे आपल्या संस्कृतीत बसत नाही.” पण आपल्या संस्कृतीचा थोडा जुना कपाट-खण उघडून पाहिला, तर वेगळेच काही हाती लागते. एके काळी याच महाराष्ट्रात मुलगी न्हातीधुती झाली की तिला मखरात बसवीत, वाजंत्री लावीत आणि ओट्या भरावयास साऱ्या आळीला बोलावणे जाई. पुढे गर्भाधानाचा विधीही थाटाने होई. मुलगी वयात आल्याची बातमी चोरून ठेवण्याची नव्हती, ती वाजतगाजत सांगण्याची होती. १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा करून मुलीच्या शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारावर नेले, तेव्हा पुण्याच्या वर्तमानपत्रांत महिनोन् महिने या विषयाची चर्चा चालली होती. टिळक या कायद्याच्या विरोधात उभे राहिले, आगरकर बाजूने. कोणाचे बरोबर होते हा आजचा प्रश्न नाही. आपले पणजोबा ही चर्चा छापील कागदावर, नावानिशी आणि चारचौघांत करीत होते, एवढेच ध्यानात घ्यावयाचे.

त्यानंतरचे नाव अर्थातच रघुनाथ धोंडो कर्वे यांचे. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. या मतांपायी त्यांची विल्सन कॉलेजातील नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून न्यायालयात उभे राहिले. म्हणजे ज्या विषयावर बोलताना आज आपला घसा कोरडा पडतो, तो मराठी घरात शंभर वर्षांपूर्वीच येऊन बसला आहे. आपण त्याला अजून पाणी विचारले नाही, एवढेच.

दुसरी हरकत: “आमच्या वेळी असे काही नव्हते.” याही म्हणण्याचा जरा हिशेब मांडू. पणजीचे लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी झाले आणि सोळाव्या वर्षी तिच्या मांडीवर मूल होते. ते कुमारवयातील मातृत्वच होते. गळ्यात मंगळसूत्र असल्यामुळे कोणी त्याला प्रश्न म्हटले नाही, इतकेच. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा केले. १९७८ साली ते अठरा झाले. तरीही २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी ४७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पुरी होण्यापूर्वीच झालेले आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २३ टक्क्यांवर आले. त्याच पंधरा वर्षांत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी आई झालेल्या किंवा दिवस गेलेल्या मुलींचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांच्या आत आले. पुढारलेल्या म्हणवणाऱ्या आपल्या महाराष्ट्राचे आकडे मात्र मान खाली घालावयास लावणारे आहेत: लवकर लग्ने सुमारे २२ टक्के, आणि कुमारवयातील गरोदरपण ७.६ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहूनही थोडे अधिकच.

एकंदरीत पाहता ही प्रगतीच आहे. पण ती मुख्यतः लग्न पुढे गेल्यामुळे झाली आहे, आणि इथेच शहरातील आपल्यासारख्या घरांचा खरा प्रश्न सुरू होतो. मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षी वयात येते. शिक्षण, नोकरी, मग लग्न, अशी तिची पंचविशी गाठते. मुलाची तर तिशीही येते. लग्न आपण दहा-बारा वर्षे पुढे ढकलले आणि ते योग्यच केले; शरीर मात्र आपले जुनेच पंचांग पाहत राहिले. मधल्या या वर्षांत मुलांनी काय जाणावे, कोणाला विचारावे, याची कोणतीही सोय घराने केली नाही, शाळेनेही केली नाही. दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा पाठ आहे, पण पुष्कळ वर्गांत “हा घरी वाचा” असे सांगून तो उलटला जातो. २००७ साली शाळांतून कुमारवयीनांना या विषयाचे शिक्षण द्यावयाचा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्यावर गदारोळ होऊन तो थांबवण्यात आला. शाळा म्हणाली घरी शिकवा, घर म्हणाले वय झाले की कळेल. मध्यंतरी मुलाच्या हाती मोबाइल आला आणि त्याने शिकवणी घेतली. तो गुरुजी काय शिकवतो, हे सूज्ञ वाचकांस सांगावयास नको.

आता आपली मुले खरोखर काय करतात? २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत पंधरा ते चोवीस वयाच्या तरुणांची एक मोठी पाहणी झाली. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा तीत मोठा वाटा होता. लग्नापूर्वी शरीरसंबंध आल्याचे सुमारे १५ टक्के तरुणांनी आणि सुमारे ४ टक्के तरुणींनी सांगितले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की हसू येते आणि मग वाईटही वाटते. मुलगे बढाई मारतात की मुली लपवतात? बहुधा थोडे थोडे दोन्ही. बढाईला आपल्याकडे शिक्षा नाही, कबुलीला मात्र आहे. याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्यांचा असा संबंध आला त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी नियमाने कोणते साधन वापरले होते. आणि या विषयाचे रीतसर शिक्षण मिळालेली मुले-मुली होती शंभरांत सुमारे पंधरा. ही पाहणी आता जुनी झाली. तेव्हा मोबाइलवर सारे जग नव्हते.

“परदेशाचे वारे लागले” असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. तेव्हा परदेशाकडेही एकदा नीट पाहू. अमेरिकेत १९९१ साली पंधरा ते एकोणीस वयाच्या दर हजार मुलींमागे सुमारे ६२ बाळंतपणे होत. २०२३ साली हा आकडा सुमारे १३ वर आला. तेथील हायस्कुलांत दर दोन वर्षांनी विद्यार्थ्यांना गुप्तपणे प्रश्न विचारतात. कधी तरी शरीरसंबंध आला आहे, असे १९९१ साली ५४ टक्के मुलांनी सांगितले होते. २०२३ साली ३२ टक्क्यांनी. म्हणजे आपण ज्यांच्या नावाने बोटे मोडतो त्यांची मुले आता पूर्वीपेक्षा उशिरा या वाटेला जात आहेत. इंग्लंडमध्ये १९९८ साली अठरा वर्षांखालील दर हजार मुलींमागे सुमारे ४७ गर्भधारणा होत होत्या. युरोपात ते बदनाम झाले होते. १९९९ साली सरकारने दहा वर्षांची योजना आखली: शाळेत शिक्षण, मुलांना संकोच न वाटता जाता येईल असे दवाखाने, आणि आधीच आई झालेल्या मुलींना पुढे शिकण्यासाठी मदत. दहा वर्षांत निम्मे करावयाचे, असे ठरले होते. लागली सुमारे पंधरा, पण २०१४ पर्यंत आकडा निम्म्यावर आला. आणि पुढेही काही वर्षे उतरत राहिला.

तेव्हा “सांगितले की मुले बिघडतात” ही तिसरी हरकतही टिकत नाही. युनेस्कोने जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१८ साली जो निष्कर्ष मांडला तो हाच की, अशा शिक्षणाने मुलांचे संबंध लवकर सुरू होत नाहीत किंवा वाढत नाहीत. उलट पुष्कळ ठिकाणी ते लांबतात, आणि साधनांचा वापर वाढतो. घरात गॅस आला की आपण मुलाला शेगडीची कळ आणि सिलिंडरचा रेग्युलेटर दाखवतो. कोठे हात लावू नये आणि वास आला तर काय करावे, हेही सांगतो. तेवढ्याने घराला आग लावण्याची परवानगी दिली, असे कोणी म्हणत नाही.

पण परदेशाचे चित्र सारेच गुलाबी आहे असेही नाही. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप शाखेने बेचाळीस देशांतील पंधरा वर्षांच्या मुलांविषयीचा अहवाल काढला. ज्यांचे संबंध आले होते त्यांत, शेवटच्या वेळी निरोध वापरला होता असे सांगणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१४ च्या ७० टक्क्यांवरून २०२२ मध्ये ६१ वर, आणि मुलींचे ६३ वरून ५७ वर घसरले होते. जवळजवळ तीस टक्क्यांनी निरोधही वापरला नव्हता आणि गोळीही घेतली नव्हती. अमेरिकेतही गेल्या वीस वर्षांत निरोधाचा वापर कमी झाला आहे. म्हणजे या वाटेला जाणारी मुले कमी झाली, पण जाणारी बेफिकीर होऊ लागली. शिक्षण हे देवीच्या लशीसारखे एकदा टोचून भागणारे नव्हे; प्रत्येक पिढीला ते पुन्हा द्यावे लागते.

आता साधनांविषयी दोन शब्द स्पष्टच. गर्भधारणा आणि संसर्ग या दोहोंपासून संरक्षण देणारे साधन एकच, निरोध. सरकारने १९६८ साली तो या नावाने किराणा दुकानांपर्यंत पोहोचवला आणि नावच सर्वनाम होऊन बसले. दुसरी गोष्ट तातडीच्या गोळीची. औषधांच्या दुकानात मिळणारी ही गोळी संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यावयाची असते, आणि जितकी लवकर घ्यावी तितका तिचा गुण अधिक. राहिलेला गर्भ ती पाडीत नाही आणि रोगापासून वाचवीत नाही. नेहमीचे साधन म्हणून तर ती नव्हेच. गर्भपाताच्या गोळ्या ही अगदी निराळी चीज. त्या कोणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून किंवा दुकानदाराच्या भरवशावर घेणे म्हणजे जिवाशी खेळ. १९७१ च्या कायद्याने आपल्या देशात गर्भपात कायदेशीर आहे. वीस आठवड्यांपर्यंत, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसह काही स्त्रियांच्या बाबतीत चोवीस आठवड्यांपर्यंत तो मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून करून घेता येतो. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची लेखी संमती लागते.

इथे कायद्याची दुसरी बाजूही प्रत्येक आईबापाला ठाऊक असावयास हवी. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुला-मुलीची संमती ही संमतीच नव्हे. दोघे एकमेकांवर जीव टाकीत असले तरी तो गुन्हाच होतो. मुलगा अठरा वर्षांचा पुरा झालेला असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला किमान दहा वर्षांची कैद आहे. मुलगी सोळाच्या आतली असेल, तर किमान वीस वर्षांची. ज्याच्या कानी असा प्रकार आला त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि डॉक्टर त्याला अपवाद नाही. लहानग्यांना नराधमांपासून वाचवण्यासाठी हा कायदा झाला आणि त्यासाठी तो हवाच. पण सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांचा तिचा मित्र त्याच जाळ्यात सापडतात, तेव्हा दोन्ही घरे उद्ध्वस्त होतात. पोलिसांच्या धास्तीने मग मुलगी चांगल्या डॉक्टरकडे न जाता आडवाटेच्या भोंदूकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण ओळखून सप्टेंबर २०२२ मध्ये असा निर्णय दिला की, अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव वा ओळख सांगण्याची गरज नाही. हा निर्णय किती पालकांना ठाऊक आहे? आम्हांस वाटते, चाळीतल्या एका मजल्यावर एकालाही नसेल.

वाचकहो, वरच्या सगळ्या माहितीत एक गोष्ट समान आहे: वेळ. बहात्तर तास, वीस आठवडे, चोवीस आठवडे. विज्ञान आणि कायदा दोघेही सवलत देतात ती घड्याळ लावून. आणि अडचणीत सापडलेल्या मुलीच्या मनात पहिला विचार कोणता येतो? “घरी कळले तर?” या एका प्रश्नात तिचे पहिले तीन दिवस जातात. मग पाळी चुकते, ती लपवण्यात महिना जातो. मैत्रिणीने सुचवलेला काढा, कोणा ओळखीच्याने दिलेली पुडी, यांत आणखी एक. आईच्या ध्यानात येते तेव्हा औषधाची वेळ टळलेली असते. आईच्या प्रेमात काही उणे नव्हते. पण बारा वर्षे घरात या विषयाचा शब्दही निघाला नसल्यामुळे, संकटाच्या दिवशी बोलावयास शब्दच नव्हते. मौनाची किंमत द्यावी लागते ती अशी, आणि जो मौन पाळतो त्याला ती द्यावी लागत नाही.

मग करावयाचे काय? व्याख्यान देऊ नये, हे पहिले. पंधरा वर्षांच्या मुलाला रविवारी सकाळी समोर बसवून “आज आपण एका महत्त्वाच्या विषयावर बोलू” म्हटले, की तो आधी चप्पल शोधतो. थोडे थोडे, कामाच्या ओघात बोलावे. पाळी येण्याच्या आधीच मुलीला पाळी सांगावी. रक्त पाहून घाबरल्यावर नव्हे. तीच गोष्ट तिच्या भावालाही सांगावी. कॉलेजात पाऊल टाकण्यापूर्वी दोघांना साधनांची नावे, त्यांचे गुण आणि कायदा ठाऊक असावा. वर्तमानपत्रात एखादी बातमी येते, मालिकेत एखादा प्रसंग येतो, तेव्हा वाहिनी बदलण्याऐवजी “तुला काय वाटते यात कोणाचे चुकले?” असे विचारावे. तेवढ्यानेही दार किलकिले होते.

मुलग्यांविषयी विशेष सांगावेसे वाटते. मुलीला आपण निदान “जपून राहा” एवढे तरी सांगतो. मुलाला तेवढेही नाही. जणू ही सगळी भानगड मुलीच्या पदराशी बांधलेली आहे. समोरच्या मुलीचे ‘नाही’ हे नाहीच असते, हे बापाने मुलाला सांगितले नाही, तर मोबाइल त्याला नेमके उलटे सांगणार आहे. हे काम आईवर ढकलून वर्तमानपत्रात तोंड खुपसणाऱ्या वडिलांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, ही विनंती.

आणि घरी बोलणे अगदीच जमत नसेल तर लाजू नये. दुसरे दार दाखवावे. केंद्र सरकारने २०१४ साली किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. सरकारी रुग्णालयांतून कुमारवयीनांसाठी सल्ला केंद्रे चालतात. आपल्या राज्यात ती ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. घरच्या विश्वासू डॉक्टरीणबाई असतात, समंजस मावशी किंवा आत्या असते. “मला सांगावयास जड वाटले तर मावशीला सांग, पण सांग,” एवढे म्हणून ठेवले तरी पुष्कळ झाले.

एवढे सारे लिहूनही आमचे मत विचाराल तर, या वयात थांबणे हेच शहाणपणाचे. अंगाची घाई मोठी असते. मनाची तयारी आणि खांद्याचे बळ यावयास वेळ लागतो. हे मुलांना जरूर सांगावे, कारणांसह सांगावे. पण जो थांबला नाही तोही आपलाच मुलगा आणि जी थांबली नाही तीही आपलीच मुलगी असते. म्हणून आणखी एक वाक्य त्याच वेळी सांगून ठेवावे: “तू थांबावेस असे मला वाटते. पण काही झालेच, तर पहिल्या दिवशी माझ्याकडे ये. रागावण्याचे मी नंतर पाहीन.” वाक्य साधे आहे, म्हणावयास मात्र भारी जड जाते. दिवाळीच्या चार दिवसांत सगळी माणसे घरी असतात, दुपारी पत्त्यांचा डाव मोडल्यावर थोडा निवांतपणाही असतो. फराळाचे डबे आवरताना हे एक वाक्य कोणी आपल्या मुलाशी वा मुलीशी बोलले, तर यंदाच्या अंकातली ही पाने कारणी लागली असे आम्ही समजू.

दिवाळीच्या सर्वांस शुभेच्छा!